वडिलांच्या शाळेची वाट

‘मॅडम, तुमचे मूळ गाव कोणते?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी महाड तालुक्यातील एका खेड्याचे नाव सांगते. वास्तविक माझा जन्म वरळीच्या बी. डी. डी. चाळीतला. वडील गिरणी कामगार. गावाविषयी ते क्वचितच बोलत. १९८२ च्या संपात शेजारची कितीतरी कुटुंबे कोकणात परतली आणि शेतीच्या आधाराने त्यांनी ते दिवस काढले. आम्ही मात्र चाळीतच राहिलो. आईने पोळ्या लाटून घर चालवले. ‘आपण गावी का जात नाही?’ या माझ्या प्रश्नाला वडिलांनी तेव्हा उत्तर दिले नाही.

त्यांच्या निधनानंतर मी प्रथमच गावी चार दिवस राहिले. ऐंशी ओलांडलेले धाकटे काका तेथेच असतात. वडिलांच्या बालपणाविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, “पाऊस लागला की दादाची शाळा सुटायची.” मला अर्थ उमगेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन माझ्यासोबत निघाले.

आपली बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला आणि शाळा वरच्या अंगाला, देवळापलीकडे. गावातून सरळ गेल्यास दहा मिनिटांचे अंतर. पण ती वाट त्या काळी आपल्या मुलांना बंद होती. पऱ्ह्या ओलांडून, डोंगराच्या कडेने वळसा घेऊन त्यांना जावे लागे. त्या वाटेने आम्हाला पाऊण तास लागला. पावसाळ्यात पऱ्ह्याला लोंढा आला की शाळेचा मार्गच उरत नसे. वडिलांचे शिक्षण चौथीत थांबले आणि बाराव्या वर्षी ते मुंबईस गेले.

इतिहासाची शिक्षिका म्हणून मी महाडच्या तारखा वर्षानुवर्षे शिकवते. बोले ठराव १९२३ चा. पाणवठ्यांसोबत सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो बांधवांसह तेथे सत्याग्रह करावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल हाती येण्यास १९३७ साल उजाडले. माझे वडील शाळेत गेले ते याही नंतर, आणि त्याच तालुक्यात. ठराव आणि पाऊलवाट यांच्यातील अंतर त्या सकाळी मला प्रत्यक्ष चालून कळले.

परतताना काकांनी खोताची शेते दाखवली. खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली विधेयक मांडले. कायदा झाला १९४९ मध्ये. “आपण त्याच शेतांत राबलो, पण कागदावर आपले नाव कधी चढले नाही,” काका म्हणाले. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांनी संपात कोणत्या शेतीकडे परतायचे? वडिलांचे मौन त्या वाक्याने उलगडले.

आज पऱ्ह्यावर साकव आहे, वाडीत सुंदर विहार आहे, गावातील वाट सर्वांसाठी खुली आहे. परंतु निम्म्या घरांना कुलूप. सातवीनंतर मुलांना दूरच्या शाळेत जावे लागते आणि संध्याकाळच्या एस.टी.चा भरवसा नाही. नात्यातील एका मुलीचे शिक्षण त्यामुळे थांबण्याच्या बेतात होते. तिची आई मला दबक्या आवाजात विचारत होती, “ताई, तुमच्या शाळेत मुलींची राहायची सोय आहे ना?”

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. वसतिगृहालाच इतके अग्रस्थान का, हे मला वडिलांच्या वाटेने समजले. मुलाला शाळेत प्रवेश मिळाला तरी शाळेपर्यंतचे अंतर उरतेच. शाळेजवळ दोन वेळचे अन्न आणि निजायला जागा मिळाली, तर ते अंतर संपते.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांची गावे अशीच मागे राहिली आहेत. मे महिन्यात तेथे जाल, तेव्हा वाडीपासून शाळेपर्यंतची वाट एकदा पायी चाला; ज्येष्ठांना तिच्याविषयी विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. वाडीत सातवीत शिकणारे कोणी आहे का, याचीही चौकशी करा. जूनपूर्वी आमच्या कार्यालयात त्याचे किंवा तिचे नाव पोहोचले, तर पुढचे आम्ही पाहू. काकांच्या वाडीतली ती मुलगी आज आपल्या वसतिगृहात राहून आठवीत शिकते आहे.