लांबची नजर, बेताचा खिसा

आमच्या पांढरकवड्याजवळच टिपेश्वर अभयारण्य. तिथे वाघ दिसतो, पण लांबून. साध्या लेन्समध्ये तो ठिपकाच राहतो. थोरल्या लेकीला फोटोंचा छंद लागला आणि घरात प्रश्न उभा राहिला: लेन्स घ्यायची की कॉलेजची फी भरायची?

नव्या १५०-६०० मिलिमीटर लेन्सची किंमत ऐकून तिची अम्मी गप्पच झाली. मग आम्ही वापरलेली ७०-३०० शोधली. दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर तिची ३०० ही ४५० सारखी भरते. घेण्याआधी काचेतून टॉर्च मारून बुरशी पाहिली, दूरच्या पाटीचा फोटो काढून मोठा करून पाहिला.

लांब लेन्समध्ये हाताचा थोडा कंपही मोठा दिसतो. म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान. अम्मीने जाड कापडाची पिशवी शिवून तांदूळ भरले. जिप्सीच्या कठड्यावर ती ठेवली की लेन्स स्थिर बसते. उन्हाळ्यात फोटो सकाळीच. दुपारच्या तापल्या हवेत दूरचे चित्र लहरते.

टिपेश्वरचाच एक तरुण वाघ २०१९ मध्ये चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. एवढी वाट तुडवणाऱ्याला आपण आणखी का दामटावे? लेक ड्रायव्हरला ‘काका, गाडी पुढे घ्या’ म्हणत नाही. वाघ फोटोत लहान येतो, पण बिनघोर बसलेला येतो. आणि फीसुद्धा वेळेवर भरली गेली, अलहम्दुलिल्लाह.