आय!

लेकीनं अकरावीला फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी. श्रावणात येडशीला आत्याकडे निघालो तर ती वहीही पिशवीत. वहीत एक पान नुसत्या उद्गारांचं. आत्या ओसरीवर हुलगे निवडत होती आणि लेक मोठ्यानं घोकत होती : ‘ऊफ’, सुटलो बुवा असं वाटलं की. ‘झ्यूत’, काही बिनसलं की. ‘बॉफ’, कशाचं काहीच वाटत नसलं की. आणि लागलं, भाजलं, टोचलं की ‘आय’.

आत्याचा हात सुपात थांबला. “आय? आपलीच आय?”

“नाही गं आजी, ते आईला मेर म्हणतात. हा नुसता आवाज आहे.”

“आवाज कसला! लागल्यावर दुसरं कोन आठवंल मानसाला?”

यावर लेकीजवळ उत्तर नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. उफ् आपल्याकडंही आहे, पण ती त्रासाची. त्यांची त्रास संपल्यावरची. तिथं वाटा फुटतात. आय मात्र दोन्हीकडं ठेचेलाच.

शाळेत या शब्दांना केवलप्रयोगी म्हणत, आणि धडा अव्ययांत सगळ्यांत शेवटी. बहुधा उरकला जाई. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं 1911 साली. त्याच साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी येडशीच्या पुढं लातूरला पोचली. दामल्यांना त्या गाडीच्या गर्दीच्या डब्यात चार स्टेशनं बसवायला हवं होतं, असं मला उगाच वाटतं. तो शेवटचा धडा मग पुस्तकभर झाला असता.

कारण पुस्तकातला ‘अबब’ मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. दुसऱ्या दिवशी रामलिंगला गेलो. पायऱ्या उतरून दरीत मंदिर, वर बालाघाटाचं रान, पावसानं धबधबा भरून आलेला. कठड्याशी एक म्हातारा आला, टोपी मागं सारली, म्हणाला, “आबाबाबाबाबा!” हाच तो. व्याकरणानं त्याची शेपटी कापून तीन अक्षरांत बसवलाय. पाणी केवढं, तेवढे बा; हा हिशेब छापायचा कसा?

आत्याच्या ‘बया’चंही तसंच. तुटक म्हटली की दूध उतू गेलंय. लांबवली की कुणाचं तरी लग्न मोडलंय. आणि हनुवटीवर बोट ठेवून, आवाज खाली आणून म्हटली, की पुढची गोष्ट पोरींनी ऐकायची नसते. याच ओसरीवर कुणी चांगलं काम केलं की ती ‘शाब्बास’ म्हणते. तो शब्द फारसीतला. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, शाब्बास राहिली. घरातल्या जुन्या पितळी तांब्यासारखी, कुठून आली कुणी विचारत नाही.

लेकीच्या पानावर तळाशी ‘एलास’ होता, अरेरे या अर्थाचा. तिच्या बाईंनी सांगितलं होतं की त्यातला ‘लास’ म्हणजे मुळात थकलेला. मला तो एकदम ओळखीचा वाटला. आत्या जमिनीवरून उठताना एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला लावते आणि दरवेळी म्हणते, “आय आय गंऽऽ.” दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. बहात्तराव्या वर्षी ती कुणाला हाक मारते, तिची आय जाऊन चाळीस वर्षं झाली.

संध्याकाळी शेजारीण सांगत आली, कुणाची तरी गाभण गाय दगावली. आत्या काही बोलली नाही. जीभ टाळूला लावून तीनदा सोडली, बस्स. शेजारीणही तेवढ्यावर गप झाली.

लेकीनं वही उघडली. फ्रेंच उद्गारांखाली रेघ मारली आणि ‘च्च’ लिहिलं. तोंडानं करून बघितलं. मग खोडून ‘च्क’ लिहिलं. तेही खोडलं, आणि पेन दातात धरून आत्याच्या तोंडाकडं बघत बसली.