रक्तवाहिन्या आणि स्मृति

विद्यार्थिमित्रहो, या वार्षिकांत मीं आजवर व्याकरणावर लिहिलें, सहलींवर लिहिलें. यंदां माझ्या घरांतील एक गोष्ट लिहितों. ती तुमच्या आईबापांनींहि वाचावी अशी इच्छा आहे.

माझे वडील नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शिक्षक होते. गांवच्या तीन पिढ्यांचे हजेरीपट त्यांना मुखोद्गत असत. साठाव्या वर्षीं त्यांना रक्तदाबाचा विकार असल्याचें कळलें, परंतु "मला कांहीं होत नाहीं, मग गोळी कशाला?" असें म्हणून ते महिनेच्या महिने औषध सोडून देत. आम्हां मुलांनींहि तगादा लावला नाहीं. एके सकाळीं त्यांच्या उजव्या हातांतून चहाचा पेला गळून पडला. दुपारपर्यंत हात पूर्ववत् झाला, आणि आम्ही तो प्रसंग विसरून गेलों.

पुढें ते बाजारांतून घरची वाट चुकले. मग कित्येक महिने सारें ठीक. आणि एके दिवशीं एकदम आणखी कांहीं हरवलेलें. त्यांची स्मृति जणूं जिन्याच्या पायऱ्या उतरत होती. तेंच तेंच विचारणाऱ्या विद्यार्थ्यावर रागवावें तसा मी त्यांच्यावर रागावत असें. तें आठवलें म्हणजे आजहि मला मान वर करवत नाहीं.

डॉक्टरांनीं मेंदूचें चित्र काढून त्यांतील लहान लहान डाग दाखविले. प्रत्येक डागाच्या जागीं एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडलेली! कित्येक तर आम्हांला न कळतांच. शिवाय अल्झायमरचा विकारहि सोबत असावा, असें ते म्हणाले. मेंदूचें वजन शरीराच्या अवघें शेंकडा २. पण प्राणवायु तो शेंकडा २० घेतो. दाब वर्षानुवर्षें चढा राहिला कीं बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, आणि पलीकडील पेशी उपाशी राहतात.

डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं जर्मनींत ज्या बाईच्या मेंदूची हकीकत सांगितली, तींत मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याचाहि उल्लेख आहे. पुढें चर्चा झाली ती बहुतेक पेशींतील गुंतवळ्यांची व पेशींबाहेरील साठ्यांची.

मला सर्वांत अधिक बोलकी वाटते ती अमेरिकेंतील ६७८ धर्मभगिनींची कथा. यांपैकीं बहुतेकजणी शिक्षिका. १९८६ सालीं डॉ. डेव्हिड स्नोडन यांनीं आरंभिलेल्या अभ्यासासाठीं त्यांनीं मृत्यूनंतर आपले मेंदू देऊं केले. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०२ भगिनी होत्या. त्यांतील ६१ जणींच्या मेंदूंत अल्झायमरचीं चिन्हें पुरेपूर होतीं. तरीहि, ज्यांच्या मेंदूंत रक्त अडून झालेला असा एकहि डाग नव्हता, त्यांच्यापैकीं शेंकडा ५७ जणींनाच स्मृतिभ्रंश झाला होता. खोल भागांत एकदोन डाग असलेल्यांत मात्र शेंकडा ९३! उलट, अल्झायमरचीं चिन्हें नव्हतीं तेथें केवळ डागांचा परिणाम फारसा दिसला नाहीं. म्हणजे दोन ओझीं एकाच बैलावर पडलीं कीं तो बसतो. पहिलें ओझें पुरतें उतरविण्याची विद्या अद्याप आपल्याला साधलेली नाहीं. दुसरें पुष्कळ अंशीं हलकें करतां येतें. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू (आमच्या शिक्षकांच्या खोलींतील कांहीं मित्रांनीं क्षमा करावी) हीं त्या ओझ्याचींच गांठोडीं. २०१९ सालच्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगांत, ज्यांचा वरचा दाब १२० च्या खालीं आणण्याचा यत्न झाला, त्यांच्यांत बुद्धीची सौम्य क्षीणता कमी आढळली. पूर्ण स्मृतिभ्रंशाबद्दल मात्र तसा स्पष्ट निर्णय लागला नाहीं.

गेल्या जूनमध्यें माझा स्वतःचा दाब १५० निघाला. वय सेहेचाळीस, त्रास कांहींएक नाहीं, आणि जिभेवर वडिलांचेंच वाक्य आलें होतें! आतां आई सकाळीं दोन बशींत दोन गोळ्या ठेवते. वडील माझें नांव पुष्कळदां विसरतात, पण आपली गोळी घेतल्यावर माझ्या बशीकडे बोट करून विचारतात, "तुझी राहिली ना?"