मिशिगन सरोवराच्या अलीकडे-पलीकडे

शिकागोहून साउथ शोअर लाइनची गाडी निघाली, तेव्हा माझ्या भाचीकडे, आमच्या बायकडे, दोन विद्यापीठांची प्रवेशपत्रं होती आणि १ मेच्या आत एकाला होकार कळवायचा होता. दोन्ही कॅथलिक. इंडियानातलं नोटर डेम आणि विस्कॉन्सिनमधलं मार्क्वेट. बहिणीचा ओढा नोटर डेमकडे होता. भाऊजी फी आणि शिष्यवृत्तीच्या आकड्यांत बुडालेले. मी वसईहून आलेली मावशी, म्हणून सोबतीला.

गॅरीचे पोलाद कारखाने गेले, वाळूच्या टेकड्या गेल्या. साउथ बेंडला घड्याळ तासभर पुढे केलं.

नोटर डेम पाहताक्षणी मन भरून येतं. १८४२ मध्ये पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी इथल्या तळ्याकाठी शाळा मांडली. १८७९ च्या आगीत मुख्य इमारत जळाली, ती त्यांनी पुन्हा उभी केली. तिच्या सोनेरी घुमटावर आज मरियामाता उभी आहे. लूर्दच्या गुहेच्या प्रतिकृतीपाशी परीक्षेआधी मुलं मेणबत्त्या लावतात. मीही एक लावली. पण बायला दाखवायचं होतं ते वसतिगृह. मुलामुलींचे हॉल वेगळे, प्रत्येकात स्वतःचं चॅपल, रात्री ठरावीक वेळेनंतर मुलींच्या हॉलमध्ये मुलांना थारा नाही. नव्या मुलीला हॉल निवडता येत नाही. जो मिळतो तोच पुढे तिचं घर होतो, आणि त्या हॉलचा अभिमान ती जन्मभर मिरवते. आमच्या धर्मग्रामात जसं प्रत्येकाला प्रत्येकाचं आजोळ ठाऊक असतं, तशी ही जवळीक. बहिणीला हेच हवं होतं, आणि त्यात काही चूक नाही. घरापासून दूर गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी नावाने हाक मारणारं लागतंच.

मिलवॉकीला मात्र शिकागोहून हायावाथा गाडीने दीड तासात पोचलो. येशूसंघीयांनी १८८१ मध्ये सुरू केलेलं मार्क्वेट भर शहरात आहे. विस्कॉन्सिन अव्हेन्यू त्याच्या मधून जातो, बाजूलाच महामार्गांचा गुंता. कुंपण असं दिसलंच नाही. इथे १९०९ पासून मुली शिकतात. नोटर डेमने पदवीचे वर्ग त्यांना १९७२ मध्ये खुले केले. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली, आणि मी ती बोलून दाखवली.

आवारात संत जोनचं चॅपल आहे. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातलं मध्ययुगीन देऊळ, दगड दगड सुटा करून आधी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला नेलेलं, मग इथे आणून १९६६ मध्ये उघडलेलं. त्यातल्या एका दगडाचं जोनने चुंबन घेतलं होतं आणि तो शेजारच्या दगडांहून थंड लागतो, अशी आख्यायिका. बायने त्यावर हात ठेवला, मग शेजारच्यावर, मग पुन्हा त्यावर. काही बोलली नाही. तिचा चेहरा खुलला तो ग्रंथालयात: टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची मूळ हस्तलिखितं या विद्यापीठाने १९५७ मध्येच विकत घेतली आहेत, हे कळल्यावर.

क्रमवारीत नोटर डेम पुष्कळ वर आहे, आणि नातेवाइकांना सांगायला तेच नाव सोपं. पण क्रमवारीच्या यादीत मंगळवारची दुपार नसते. कुठल्या दारातून ती बाहेर पडेल, समोर कोण भेटेल, जेवायला कोणासोबत बसेल, हे जाऊनच पाहावं लागतं. म्हणून दोन्हीकडे आम्ही मार्गदर्शकाची फेरी संपल्यावर मुलांच्या जेवणघरात बसून राहिलो.

परतीच्या गाडीत बाय म्हणाली, "मावशी, नोटर डेमला मला सगळे सांभाळतील. मार्क्वेटला मला लोकांत जावं लागेल. मला ते हवंय."

मला तिचं म्हणणं पटलं, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. तिने तिथूनच आईला फोन लावला. बहिणीने पहिलं विचारलं, रात्री शहरात एकटी कशी फिरणार? बायने चौकशी करून ठेवली होती: विद्यापीठाच्या गाड्या रात्री मुलांना खोलीपर्यंत फुकट सोडतात. मग रविवारची मिस्सा? तर जेझू चर्च तिथेच, विस्कॉन्सिन अव्हेन्यूवर. शेवटी भाऊजींनी फोन घेतला आणि शिष्यवृत्तीचं पत्र पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितलं.