मुरलेला वेग

टांग्याच्या घोड्याला चाबूक दाखवला की तो चार पावले झपझप टाकतो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. संगणकालाही चाबूक दाखवता येतो, हे मला माझ्या पुतण्याने सांगितले. कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक पळवायचा, याला म्हणे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

पोराला चित्रपट जुळवण्याचा नाद. यंत्र जुने, वहिनींनी भिशीच्या पैशांतून घेतलेले. आणि त्यांच्या डब्यांचा सारा हिशेबही त्याच यंत्रात! नवे घेण्याची ऐपत नाही आणि हे बिघडले तर चालणार नाही, अशा कात्रीत सापडलेले शहाणपण मी जवळून पाहिले.

त्याने आधी हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर काढून वहिनींच्या हाती दिली. मग पंख्यातली धूळ झटकली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. त्यानंतर कुठे वेगाला हात! मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, त्याला ३६ ने गुणले की ३.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. ३६ चे ३७ करायचे, पाहायचे, मग ३८. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत टिपून ठेवायची. (ही वही पाहून मला जो आनंद झाला, तो शिक्षकालाच कळेल.)

वेग फार चढला की प्रोसेसर अडखळतो. मग त्याला थोडे अधिक व्होल्टेज पाजावे लागते. खरी मेख इथेच आहे. वेग १० टक्के वाढवला तर प्रोसेसरची उष्णता साधारण तेवढीच वाढते. पण व्होल्टेज १० टक्के वाढवले तर ती २१ टक्क्यांनी वाढते, कारण तिथे वर्गाचा हिशेब लागतो. साधारण शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच पाय आखडता घेतो, आणि मेच्या उकाड्यात आमच्या खोलीत पंख्यालाही घाम फुटतो!

४.६ वर यंत्र सुरू झाले तेव्हा पोराने उडी मारली. मी म्हटले, “जिंकलास!” तो म्हणाला, “काका, सुरू होणं वेगळं, टिकणं वेगळं.” त्याने प्राइम९५ नावाचा प्रोग्राम लावला. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी अवाढव्य गणिते तो प्रोसेसरकडून तासन्‌तास करवून घेतो आणि उत्तर ताडून पाहतो. दोन तासांनी एक उत्तर चुकले. यंत्र बंद पडले नाही, कुरकुरले नाही. बेधडक चुकीचे उत्तर देऊन मोकळे झाले. वर्गातही मला अशाच मुलांची धास्ती वाटते! उद्या वहिनींच्या हिशेबात एखादा आकडा असाच गुपचूप बदलला असता, तर कुणाच्या ध्यानात आले असते?

आमच्या डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथली ध्रुव अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रथम चेतली. पण तिची पुरी १०० मेगावॉट शक्ती गाठायला जानेवारी १९८८ उजाडला. मधल्या काळात इंधनाच्या जुड्या थरथरत होत्या, तो दोष काढावा लागला. अणुभट्टी कुठे आणि टेबलाखालचे खोके कुठे! शिवाय तिला नेमून दिलेल्या शक्तीपर्यंतच जायचे होते, पुढे नव्हे. तरीही त्या अडीच वर्षांची मला आठवण झाली, कारण आमचा पोरगाही मुकाट्याने खाली उतरला. ४.५ वरही पहाटे एक चूक निघाली. ४.४ वर रात्रभर एकही नाही, आणि तापमान ८० च्या आत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी एवढेच विचारले, “विजेचं बिल वाढेल का रे?”

“थोडं वाढेल.”

“मग रात्री बंद करत जा,” असे म्हणून त्या डबे भरायला गेल्या.