‘आम्हाला कुठे काय झालं?’

जुलाबाची साथ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आम्ही लहानपणी विहिरीचं पाणी प्यायलो, आम्हाला कुठे काय झालं?’ जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले. संशयितांचा आकडा दोनशेपार गेला, काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाब घडवणारा जंतू सापडला. तरी या वाक्याचा तोरा उतरलेला नाही. मला ते अजून सलतं, आणि सलतं ते अशासाठी की ते निव्वळ खोटं नाही.

हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने नांदतो. अर्धकच्च्या चिकनमधून, न तापवलेल्या दुधातून, दूषित पाण्यातून आपल्या पोटात येतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत कच्च्या दुधातून लागण झाली तेव्हा पहिल्यांदाच ते दूध प्यायलेले आजारी पडले. रोज पिणारे ठणठणीत राहिले, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर होती. साथींची गणिती प्रारूपं मांडणाऱ्यांनाही हे मान्य करावं लागलं. स्वयंसेवकांना जंतूची मोजून मात्रा पाजून जे गणित मिळालं, ते सबंध समाजाला लावलं की रुग्णांचा अंदाज भलताच फुगतो. प्रतिकारशक्ती धरली की तो खाली येतो. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो: स्वच्छता वाढवून आपण लोकांना उलट नाजूकच करतोय का? कागदावर, काही काळापुरतं, तसं होऊ शकतं.

प्रत्यक्षात काय झालं ते न्यूझीलंडमध्ये पाहावं. २००६ मध्ये जेमतेम ४२ लाखांच्या त्या देशात या जंतूचे सुमारे १६,००० रुग्ण नोंदले गेले. सरकारने कोंबडी-उद्योगावर जंतूंच्या प्रमाणाची मर्यादा घातली आणि २००८ पर्यंत रुग्ण निम्म्याहून कमी झाले. नाजूक झालेल्या जनतेची लाट काही आली नाही. जीबीएससाठी रुग्णालयात दाखल होणारेही सुमारे १३ टक्क्यांनी घटले. मला हा आकडा पहिल्याहून मोठा वाटतो. कारण जीबीएस ही प्रतिकारशक्तीचीच करणी आहे. या जंतूच्या काही प्रकारांचं बाह्य आवरण आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखं असतं. जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं स्वतःच्याच नसांवर तुटून पडतात, पाय लुळे पडतात, कधी श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. जंतू पोटात गेला की शरीर कणखरच होतं असं मानणाऱ्यांनी याचा हिशेब कुठे लावायचा?

न्यूझीलंड म्हणजे पुणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे लागण बाळपणीच होते. पण तिची किंमत बाळंच मोजतात. आठ देशांत, भारतात वेल्लोरला, चाललेल्या माल-एड या बालआरोग्याच्या अभ्यासात, ज्या मुलांच्या शौचात हा जंतू वारंवार सापडला त्यांची उंची दुसऱ्या वर्षापर्यंत कमी भरली, जुलाब झालेले नसले तरीही. ‘काही झालं नाही’ ते हे असं. शिवाय हा जंतू प्रयोगशाळेत वाढवायला कमी प्राणवायू, ४२ अंश तापमान आणि खास माध्यम लागतं. त्यामुळे नेहमीच्या शौच-तपासणीत तो निसटतो, आणि काही झालंच नाही असं वाटत राहतं.

तरीही त्या वाक्यातला एक धागा मला सोडवत नाही. एका सोसायटीत फिल्टर आणि शेजारच्या गल्लीत क्लोरीन न टाकलेली विहीर, अशी अर्धवट स्वच्छता असेल तर फिल्टरवर वाढलेला मुलगा बाहेरच्या एका ग्लासाला बळी पडू शकतो. यावर विहिरीचं पाणी पाजून मुलं टणक करा म्हणणारे भेटतात. विहिरीत क्लोरीन टाका आणि नळाच्या टोकाशी तो उरतोय का ते रोज तपासा, असं म्हणणारे त्यामानाने फारच थोडे.