पकड सुटते तेव्हा

4 नोव्हेंबर 2023. लॉस एंजेलिसच्या कोलिसियममध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ 42 गुण करूनही हरला. वॉशिंग्टनचे 52. त्यांचा डिलन जॉन्सन चेंडू काखेत दाबून 256 यार्ड पळाला. मैदानच मुळी 100 यार्डांचं. शेवटी हरलेल्या संघाचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स प्रेक्षकांतल्या आईच्या कुशीत शिरून रडला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी बचावफळीतली पोरं शोधत होतो.

कारण मी कबड्डीत कव्हरला खेळलो आहे. कोपऱ्यातला गडी पट काढायला झेपावतो, तो मागून आपण येणार या भरवशावर. एका उपांत्य सामन्यात मी अर्धा श्वास थबकलो. घोटा कोपऱ्यातल्या मित्राने धरलेलाच होता. चढाई करणाऱ्याने त्याला फरफटत नेऊन मध्यरेषेला बोट टेकवलं. ती हार मी विसरलो. मातीत पालथ्या पडलेल्या त्या मित्राने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ते मात्र विसरता येत नाही.

म्हणून टॅकल सुटला की ‘दंडात जोर नाही’ हे मला पटत नाही. पहिला अडवतो, दुसरा-तिसरा पाडतो. दुसऱ्याची खात्री वाटेना की पहिलाही झेपेआधी क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात धावणारा निसटतो. त्यात आपलीच आक्रमक फळी झटपट गुण करत असेल, तर बचाववाल्यांना घोटभर पाण्याचीही उसंत नाही; दमलेले पाय पुन्हा मैदानात. वॉशिंग्टनविरुद्धच्या हारीनंतर दुसऱ्याच दिवशी सदर्न कॅलिफोर्नियाने बचावाचे प्रशिक्षक ॲलेक्स ग्रिंच यांना काढलं. हंगामभर गुणांची खिरापत झाली होती, निर्णय अटळच होता. पण बचावाची साखळी काही नवी नेमणूक करून जुळत नाही.

मला आठवतो तो आधीच्या शनिवारचा बर्कलीचा सामना. शेवटच्या मिनिटात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने टचडाउन केला: 50-49, सदर्न कॅलिफोर्निया एका गुणाने पुढे. किक मारून बरोबरी साधता आली असती, पण त्यांनी दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. फक्त तीन यार्ड. दिवसभरात 49 गुण दिलेली सदर्न कॅलिफोर्नियाची हीच पोरं तिथे खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पास पूर्ण झाला नाही.

मी घरी एकटाच बघत होतो. चेंडू जमिनीला लागला तेव्हा लक्षात आलं, माझा डावा हात सोफ्यावर शेजारच्या रिकाम्या जागेत कुणाचं तरी मनगट धरल्यासारखा मिटला होता.